घरी मागचे ब्रेक शू बदलल्यानंतर हँडब्रेक कसा जुळवावा

नवे शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानी) बसवून झाले, ड्रम चढवले, चाके लावली आणि हँडब्रेकचा दांडा ओढून पाहिला, तर तो काहीही न धरता जवळजवळ उभा राहिला, अशी वेळ घरी ब्रेकचे काम करणाऱ्या प्रत्येकावर एकदा तरी येते. अशा वेळी हात सरळ दांड्याच्या बुडाशी असलेल्या नटाकडे जातो, कारण तो बसल्या जागी हाताशी असतो, त्यासाठी गाडीखाली शिरावे लागत नाही आणि दोन-चार फेरे आवळले की दांडा लगेच घट्ट लागू लागतो. त्या नटाला पाना लावण्यापूर्वी काय काय झालेले असले पाहिजे, हे सांगण्यासाठी मी हे लिहीत आहे. शू आणि ड्रम यांच्यातले अंतर ड्रमच्या आतच जुळवायचे असते, आणि नटाने केवळ केबलमधला ढिलेपणा काढायचा असतो. आतले काम अर्धवट ठेवून नटावर भार टाकला की ब्रेक काही दिवस चांगला वाटतो आणि मग एकामागून एक दोष दिसू लागतात.

आपल्या खानदेशात ही चूक बरेच दिवस झाकलेली राहते. तापी आणि गिरणेच्या काठचा मुलूख बहुतांशी सपाट असल्यामुळे जळगाव, अमळनेर, शिरपूर, शहादा या भागांत गाडी नुसती गिअरमध्ये टाकून उभी केली तरी जागची हलत नाही, आणि हँडब्रेक धरतो की नाही हे महिनोन् महिने कोणी तपासत नाही. मग एखाद्या दिवशी तोरणमाळला जाताना, किंवा चाळीसगावहून कन्नडच्या घाटात वाहतूक अडकल्यावर, पुढे ट्रक आणि मागे भरलेली बस अशा अवस्थेत चढावर गाडी धरून ठेवायची वेळ येते आणि तेव्हा दांडा पूर्ण वर येऊनही गाडी मागे सरकू लागते. सपाट गावात राहणाऱ्याने हे काम अधिक काळजीने करावे, असे मला मनापासून वाटते, कारण त्याला दोष दाखवून देणारा उतार रोजच्या वाटेवर भेटत नाही.

मी स्वतः पहिल्यांदा शू बदलले तेव्हा हीच चूक केली होती. दांडा फार वर येत होता म्हणून मी गाडीतला तो नट आवळला, दांडा पाच टकांवर, म्हणजे ओढताना होणाऱ्या पाच ‘टक’ आवाजांवर, आणला आणि समाधानाने मे महिन्यात पाचोऱ्याहून चाळीसगावला निघालो. भडगाव मागे पडल्यावर जळक्या लायनरचा, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराचा, उग्र वास येऊ लागला. गाडी निंबाच्या सावलीत उभी करून पाहिले तर डाव्या मागच्या चाकाजवळ हात नेता येत नव्हता आणि उजवे चाक त्या मानाने निवांत होते. रस्त्याकडेच्या एका म्हाताऱ्या मिस्तरींनी आधी गाडीच्या आत बसून तो नट पूर्ण सैल केला, चाक हाताने फिरते झाल्याचे मला दाखवले आणि म्हणाले, ‘भाऊ, वायर कधी पहिले आवळायची नसते, ती सगळ्यात शेवटी.’ पुढे जे सांगतो आहे ते बरेचसे त्या एका वाक्याचे स्पष्टीकरण आहे.

ड्रमच्या आत काय घडते

मारुती, ह्युंदाई, टाटा यांच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, आणि हँडब्रेक मागच्या दोन ड्रमवर काम करतो. दांडा ओढला की त्याच्या बुडाची खिटी दातेरी पट्टीवरून टक टक करीत सरकते आणि केबल ओढली जाते. पुढे एका आडव्या समतोल पट्टीपाशी केबलच्या दोन शाखा होतात व त्या डाव्या आणि उजव्या चाकाकडे जातात. ही पट्टी दोन्ही बाजूंना सारखी ओढ वाटून देते. ड्रमच्या आत मागच्या शूच्या पाठीवर एक लोखंडी लिव्हर खिळीने जोडलेला असतो आणि केबलचे टोक त्याच्या खालच्या आकड्यात अडकवलेले असते. केबलने लिव्हर ओढला की तो दोन शूंच्या मधल्या आडव्या दांडीला रेटतो. पुढचा शू एका बाजूला आणि मागचा शू दुसऱ्या बाजूला सरकून दोघेही ड्रमला भिडतात.

याच आडव्या दांडीवर शू झिजतील तसे अंतर आपोआप भरून काढणारी योजना असते. काही गाड्यांत ती आट्यांच्या दांडीवर बसवलेल्या दातेरी चक्राच्या रूपात असते, तर काहींत दातेरी पट्टी आणि तिच्यात अडकणारी खिटी अशा रूपात. दोन्हींचे तत्त्व एकच आहे. पाय-ब्रेक दाबला की शू बाहेर सरकतात, क्षणभर आडवी दांडी सैल होते, आणि ही सैल जागा ठरावीक मापापेक्षा जास्त झाली की चक्र किंवा खिटी एक दात पुढे सरकून दांडीची लांबी वाढवते. म्हणजेच पाय सोडलेला असताना लिव्हर पूर्ण मागे जाऊन शूच्या पट्टीला टेकलेला असणे अत्यावश्यक आहे. केबल आधीच आवळून ठेवली तर लिव्हर अर्धवट ओढलेल्या अवस्थेत राहतो, आडवी दांडी सदैव ताणलेली राहते, दांडीपाशी सैल जागा कधी निर्माणच होत नाही आणि आपोआप जुळणारी योजना जागच्या जागी बसून राहते. वरून शू ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, लायनर काचेसारखे गुळगुळीत होऊन पकड सोडते, आणि ती उष्णता पुढे व्हील सिलिंडरच्या (पाय-ब्रेकच्या तेलाने शू बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) रबरापर्यंत पोहोचली की तेल गळायला लागते. एका नटाच्या घाईचा हा एवढा पसारा आहे.

गाडी उचलण्यापूर्वी

या कामात एक विचित्र अडचण आहे: ज्या ब्रेकवर गाडी उभी करायची सवय आहे, तोच ब्रेक या वेळी सैल सोडावा लागतो. त्यामुळे गाडी कशाच्या आधारावर थांबणार आहे, याचा विचार आधी करावा. मारुतीच्या अल्टो किंवा स्विफ्टसारख्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणून मागची बाजू उचलताना पहिला गिअर टाकून ठेवला तर पुढची चाके धरली जातात. त्याशिवाय दोन्ही पुढच्या चाकांच्या पुढे आणि मागे लाकडी पाचरी ठोकाव्यात. बोलेरो, ओम्नी किंवा ईकोसारख्या गाडीत मात्र ताकद मागच्या चाकांना जाते. ती चाके हवेत उचलल्यावर गिअरचा काहीच उपयोग उरत नाही, उलट चाक फिरवून पाहण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्येच ठेवावी लागते, आणि सगळा भार पुढच्या चाकांच्या पाचरींवर राहतो. अशा गाडीच्या बाबतीत पाचर मोठी आणि कडक लाकडाची असावी. हाताला सापडलेला गोल दगड चालणार नाही.

जागा निवडताना कोबा किंवा पक्की फरशी असलेले अंगण निवडावे. आपल्याकडची काळी माती वरून कितीही टणक दिसली तरी जॅकच्या लहान तळाखाली ती दबते, आणि पाऊस होऊन गेला असेल तर जॅक पाहता पाहता एका बाजूला कलतो. मातीवरच काम करणे भाग असेल तर जॅक आणि स्टँड या दोन्हींखाली किमान दीड-दोन इंच जाडीची रुंद फळी ठेवावी. गाडीसोबत मिळालेला जॅक फक्त उचलण्यासाठी आहे. गाडी त्याच्यावर पेलून ठेवून काम करू नये. उचलून झाल्यावर दोन्ही बाजूंना स्टँड लावावेत, गाडी त्यांच्यावर टेकवावी, हाताने जोरात हलवून पाहावी आणि मगच चाकाला हात घालावा. मे महिन्यात हे काम सकाळी सातच्या सुमारास सुरू करणे बरे, कारण दहानंतर उन्हात ठेवलेला पानासुद्धा हातात धरवत नाही आणि घाईने केलेले ब्रेकचे काम कधीच नीट होत नाही.

जुना ड्रम काढताना आत साचलेली काळी भुकटी फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ती फुप्फुसात जाते, आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता गृहीत धरूनच वागावे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, बारमाही ओल्या शेतरस्त्यांवरून फिरणाऱ्या गाड्यांच्या ड्रममध्ये ही भुकटी चिखलात मिसळून घट्ट थर होऊन बसलेली असते. तो थर लाकडी चिपटीने खरवडून काढावा आणि शू ज्या ठिकाणी मागच्या पत्र्याला घासतात त्या उंचवट्यांवर उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचे अगदी पातळ बोट लावावे. लायनरवर ग्रीसचा ठिपकाही पडू देऊ नये.

नट आधी सैल करावा, आवळावा शेवटी

ड्रम काढण्यापूर्वीच हँडब्रेकचा नट सैल करावा लागतो. बहुतेक लहान गाड्यांत तो दांड्याच्या मागच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली किंवा रबरी टोपीखाली असतो आणि अनेकदा दहा नंबरच्या लांब गोटी पान्याने फिरतो. काही गाड्यांत तो गाडीखाली समतोल पट्टीजवळ असतो. सैल करण्यापूर्वी नटाबाहेर किती आटे दिसत आहेत ते मोजून लिहून ठेवावे किंवा मोबाईलवर छायाचित्र काढावे, म्हणजे शेवटी पुन्हा किती आवळले गेले याचा अंदाज राहतो. नट आट्यांच्या टोकापर्यंत आणावा, पण पूर्ण काढू नये. दांडा खाली असताना मागची केबल हाताने हलवली तर ती स्पष्ट सैल लागली पाहिजे.

शू बसवताना एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते आणि कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात होती हा प्रश्न पडत नाही. दातेरी चक्राच्या दांडीबाबत विशेष सावध राहावे, कारण पुष्कळ गाड्यांत डाव्या आणि उजव्या बाजूच्या दांडीचे आटे एकमेकांच्या उलट असतात. त्यांची अदलाबदल झाली तर प्रत्येक ब्रेकसरशी अंतर भरण्याऐवजी वाढत जाते, आणि मग कितीही वेळा जुळवले तरी हँडब्रेक आठवड्याभरात पुन्हा सैल होतो. आटे साफ करून, किंचित ग्रीस लावून, चक्र बोटाने सहज फिरते का ते पाहूनच दांडी बसवावी.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची पाहणी. स्प्रिंगा लावून झाल्या, केबलचे टोक लिव्हरच्या आकड्यात अडकले, की ड्रम चढवण्यापूर्वी गुडघ्यावर बसून, टॉर्चच्या उजेडात, लिव्हर शूच्या पट्टीला पूर्ण टेकला आहे का हे पाहावे. टेकण्याच्या जागी एक लहानसा उंचवटा किंवा वाकवलेले टोक असते. तिथे कागदसुद्धा जाणार नाही असा स्पर्श हवा. बोटाने लिव्हर पुढे ओढून सोडला तर तो टक्कन परत जाऊन बसला पाहिजे. तो हळूहळू, ओढल्यासारखा परत येत असेल तर केबल आवरणात गंजली आहे आणि ती बदलल्याशिवाय पुढचे सगळे श्रम वाया जातील. दोन पावसाळे चिखलात काढलेल्या गाडीत हे सर्रास आढळते. आवरणाच्या टोकाचे रबर फाटले की पाणी आत शिरते, आणि नंतर उन्हाळ्यात आतली तार गंजून आवरणाला चिकटते. तेल सोडून केबल काही दिवस मोकळी करता येते हे खरे, पण ब्रेकच्या बाबतीत असा तात्पुरता उपाय मी करीत नाही आणि कोणाला सुचवतही नाही.

यानंतर शू आणि ड्रम यांच्यातले अंतर हाताने जुळवावे. दातेरी चक्र थोडे थोडे फिरवून ड्रम चढवून पाहावा. ड्रम ढकलावा न लागता बसला पाहिजे, पण फिरवताना आत कागद घासल्यासारखा अगदी हलका आवाज आला पाहिजे. जुन्या ड्रमच्या काठावर झिजेमुळे कडा तयार झालेली असते. ती कडा लायनरला अडते आणि अंतर जुळले आहे असा खोटा भास होतो, म्हणून कडा मोठी असल्यास ड्रम आधी लेथवर साफ करून घ्यावा. ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा ओतलेला असतो. त्यापलीकडे गेलेला ड्रम वापरू नये. मागच्या पत्र्यावर रबरी बूच असलेली खाच असेल तर ड्रम चढवल्यावरही त्या खाचेतून चपट्या पेचकसाने चक्र फिरवता येते. चाक पूर्ण अडेपर्यंत फिरवून मग ते मोकळे फिरेपर्यंत दात मागे घ्यावेत. ही रीत जुनी असली तरी खात्रीची आहे. काम झाल्यावर बूच परत लावायला विसरू नये, नाहीतर पहिल्याच पावसात आत पाणी जाईल.

दोन्ही ड्रम चढल्यावरच पाय-ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावावा. एक जरी ड्रम उघडा असताना पेडल दाबले तर व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येऊन तेल सांडते. ड्रम बसल्यावर गिअर न्यूट्रलमध्ये आणून, इंजिन सुरू करून पेडल सावकाश, पूर्ण जोराने, दहा-बारा वेळा दाबावे आणि प्रत्येक वेळी पूर्ण सोडावे. शेजारी कोणाला तरी मागच्या चाकाजवळ कान देऊन बसवले तर प्रत्येक दाबाबरोबर आतून बारीक ‘टिक’ ऐकू येतो. ती योजना एक एक दात पुढे सरकत असल्याची खूण आहे. टिक थांबला की अंतर जुळले. बोटांना काळे लागलेल्या माणसाला तो आवाज ऐकताना जे समाधान मिळते, ते मला अजूनही प्रत्येक वेळी मिळते. ब्रेक तेलाची पातळी याच वेळी पाहून घ्यावी, आणि पेडल मऊ लागत असेल तर तेलात हवा आहे असे समजून ती काढेपर्यंत हँडब्रेकचा विचारही करू नये.

दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. ती मोकळी फिरली पाहिजेत. अधूनमधून हलकी घासण चालेल, अडकणे चालणार नाही. मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीमुळे) चाक थोडे जड लागते आणि एक चाक फिरवले की दुसरे उलट फिरू लागते, तो दोष समजू नये.

आता नट. आवरणात केबल नीट बसावी म्हणून दांडा तीन-चार वेळा जोराने ओढून सोडावा. केबल नवी असेल तर हे अधिक वेळा करावे. नंतर दांडा पूर्ण खाली ठेवून नट हाताने फिरेल तितका फिरवावा आणि पुढे पान्याने अर्धा-अर्धा फेरा आवळत जावे. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर दांडा ओढून टक मोजावेत. लहान गाड्यांत साधारण पाच ते आठ टकांत चाके धरली जातात, पण आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा, कारण त्यात मॉडेलनुसार फरक असतो. पहिल्या एक-दोन टकांवर चाक मोकळे, मधल्या टकांवर जड होत जाणारे आणि ठरलेल्या टकावर हाताने न हलणारे, अशी चढती पकड हवी. शेवटी दांडा पूर्ण खाली सोडल्यावर दोन्ही चाके पुन्हा पहिल्यासारखी मोकळी फिरली पाहिजेत. ही शेवटची अट पाळली गेली नाही तर नट अर्धा फेरा मागे घ्यावा, टक एखादा वाढला तरी चालेल.

टक मोजताना ओढ किती लावायची, हा प्रश्न राहतोच, कारण प्रत्येकाच्या हातात वेगळा जोर असतो. पुस्तिकांमध्ये ही ओढ अनेकदा सुमारे २० किलो इतकी दिलेली असते. आमच्या घरी वेचणीचा कापूस मोजायचा ताणकाटा आहे. त्याचा आकडा दांड्याच्या मुठीच्या मध्यभागी सुती पट्ट्याने बांधून काटा २० वर येईपर्यंत वर ओढतो आणि त्या वेळी किती टक झाले ते मोजतो. ज्यांच्या शेतात कापूस आहे त्यांच्याकडे असा काटा असतोच, आणि गाडीच्या आत बसून दोन माणसांत हे काम मिनिटभरात होते. माझ्या वहिनींच्या हाताने ओढून पाहिल्यावर मला सहा टक लागणारा दांडा त्यांना चौथ्या टकावरच थांबलेला दिसला होता. गाडी त्याही चालवतात, म्हणून नट त्यांच्या हाताने पुन्हा पाहून मगच पक्का केला. घरातला सर्वांत कमी जोराचा हात ज्याचा असेल, त्याच्या ओढीला गाडी उतारावर थांबली पाहिजे.

नट पक्का करताना मुख्य नट एका पान्याने धरून ठेवावा आणि लॉकनट (मुख्य नट ढिला होऊ नये म्हणून त्याला लागून असलेला दुसरा नट) दुसऱ्याने आवळावा, अन्यथा लॉकनट आवळताना मुख्य नटही फिरून सगळे माप बदलते. समतोल पट्टी दिसत असेल तर ती सरळ आहे का पाहावे. ती एका बाजूला कलली असेल तर दोन्ही ड्रममधले अंतर सारखे नाही किंवा एका बाजूची केबल अडकते आहे. दांडा पहिल्या टकावर येताच चालकासमोरच्या फलकावरचा लाल दिवा लागला पाहिजे आणि खाली जाताच विझला पाहिजे. दांडा खाली असूनही तो विझत नसेल तर ब्रेक तेल कमी झाले आहे का ते पाहावे, कारण बहुतेक गाड्यांत तोच दिवा तेलासाठीही असतो.

जुळत नसेल तर

नट आट्यांच्या शेवटाला पोहोचला आणि तरीही दांडा दहा-बारा टक वर येतो, अशी स्थिती असेल तर पाना खाली ठेवावा. आत काहीतरी चुकले आहे: आडवी दांडी उलटी बसली आहे, चक्रांची अदलाबदल झाली आहे, ड्रम मर्यादेबाहेर झिजला आहे किंवा केबल ताणली गेली आहे. ड्रम पुन्हा काढण्याचा कंटाळा येतो, तरी तो काढावाच.

एक चाक धरते आणि दुसरे फिरते, असे असेल तर फिरणाऱ्या बाजूचा ड्रम काढून आधी लायनरवर तेल किंवा ग्रीस आहे का ते पाहावे. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन वापरण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये. ते बदलावे, आणि एका बाजूचे बदलताना दोन्ही बाजूंचे बदलावे. दांडा सोडल्यावरही चाक अडकलेले राहत असेल तर आत बसून नट सैल करावा. चाक लगेच मोकळे झाले तर दोष केबलच्या ताणात किंवा गंजात आहे. नट सैल करूनही ते मोकळे झाले नाही तर दोष ड्रमच्या आत आहे. या एका चाचणीने अर्धा तास वाचतो.

मागेही डिस्क असलेल्या गाड्यांत दोन वेगळ्या रचना आढळतात. काहींत डिस्कच्या मधल्या वाटीत लहानसा स्वतंत्र ड्रम असतो आणि त्याचे शू वरच्याप्रमाणेच जुळवता येतात. काहींत कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) आतच हँडब्रेकचा स्क्रू असतो. नवे पॅड घालताना त्याचा पिस्टन दाबून आत जात नाही, खास हत्याराने फिरवतच आत न्यावा लागतो, आणि केबल जुळवताना कॅलिपरचा लिव्हर त्याच्या अडणीला टेकलेला असावा, हे तत्त्व तिथेही तसेच लागू पडते. बटणावर चालणारा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर संगणकीय उपकरणाने तो दुरुस्तीच्या अवस्थेत नेल्याशिवाय पॅडला हात लावू नये. ते काम घरी न केलेले बरे.

रस्त्यावर तपासणी

स्टँडवर चाके धरली म्हणजे काम झाले असे नाही. नवे लायनर ड्रमच्या गोलाईला पूर्ण भिडायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४०-५० किलोमीटर वेगाने जाऊन मध्यम जोराने वीस-पंचवीस वेळा ब्रेक लावावा, दोन ब्रेकमध्ये ड्रम निवण्यास वेळ द्यावा आणि सुरुवातीचे काही दिवस घाईचा ब्रेक टाळावा. या काळात आपोआप जुळणारी योजनाही आपली जागा शोधते. मग २००-३०० किलोमीटर झाल्यावर टक पुन्हा मोजावेत; एखादा टक कमी-जास्त होणे स्वाभाविक आहे.

पहिल्या फेरीनंतर चाके तापली आहेत का हे अवश्य पाहावे, पण ड्रमला हात लावू नये. तळव्याची पाठ चाकाजवळ नेऊन डावी-उजवी तुलना करावी, किंवा पाण्याचे चार थेंब टाकून ते चरचरतात का ते पाहावे. आपल्याकडच्या उन्हात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. गाडीच्या ज्या बाजूवर ऊन येते ती बाजू तशीही तापलेली असते, त्यामुळे भर दुपारी केलेली तुलना फसवते. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर, दहा मिनिटे गाडी चालवून, सावलीत उभी करून पाहिले तरच खरा फरक कळतो.

उताराची तपासणी घाटात करू नये. रेल्वेच्या उड्डाणपुलाचा चढ गर्दीमुळे योग्य नाही; शेताच्या बांधावरचा किंवा पाटाच्या भरावावरचा बेताचा उतार, ज्याच्या खाली माणूस, जनावर किंवा विहीर नाही, तो निवडावा. चालकाने पाय पेडलजवळच ठेवून हँडब्रेक लावावा, गिअर काढावा आणि पेडल हळूहळू सोडावे. प्रथम गाडीचे तोंड चढाकडे ठेवून आणि नंतर उताराकडे ठेवून, अशा दोन्ही अवस्थांत हे करावे. चढाकडे तोंड असताना वजन मागच्या चाकांवर येते आणि हँडब्रेक चांगला धरतो. उताराकडे तोंड केले की मागची चाके हलकी होतात, आणि खरी परीक्षा तिथे होते. ज्या गाडीत मागच्या सीटवर घरची माणसे आणि डिकीत सामान भरून प्रवास होतो, तिची तपासणी तशाच भारासह एकदा करावी.

पावसाळ्यात गाडी धुऊन किंवा पाण्यातून आणून रात्रभर हँडब्रेक लावून ठेवला तर शू गंजून ड्रमला चिकटतात आणि सकाळी चाक फिरत नाही. सपाट अंगणात, आठ-पंधरा दिवस गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडून गिअर टाकावा आणि चाकाला पाचर लावावी. चिकटलेले शू सोडवण्यासाठी क्लच झटक्याने सोडून गाडी ओढणारे अनेक जण मी पाहिले आहेत. त्या झटक्याने नवे लायनर शूवरून निखळू शकते. त्याऐवजी चाक काढून ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोके मारावेत. शू सुटला की आतून तसा आवाज येतो, आणि मग एकदा ड्रम काढून गंज पुसून घ्यावा.